आठ पाने आणि एक साधा भात

कोकणातल्या घरगुती खानावळीत जेवायचे असेल तर सकाळीच फोन करून ठेवावा लागतो, आणि तिकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती पाने? मागच्या दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज आटोपून आम्ही पुण्याहून मालवणला निघालो, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांचा १३ वर्षांचा मुलगा, आम्ही दोघे आणि आमची ६ वर्षांची मुलगी, अशी आठ पाने. पण खानावळीच्या काकूंनी लगेच पुढचा प्रश्न विचारला, “सगळी मासळीचीच ना?” आणि मी फोन कानाला लावून गप्प झाले, कारण खरे उत्तर द्यायचे तर निदान पाच मिनिटे लागली असती.

खरे उत्तर असे होते. सासूबाई एरवी मासे आवडीने खातात, पण चातुर्मासात नाही, आणि कांदा, लसूण व वांगे हेही त्यांना कार्तिकी एकादशीपर्यंत वर्ज्य. सासरे मासे खातात, पण फक्त सुरमई, कारण तिच्यात मधला काटा सोडला तर घशात अडकेल असे फारसे काही नसते. दिरांना नारळ बाधतो, म्हणजे असे ते म्हणतात. नारळाची बर्फी मात्र त्यांना कधी बाधल्याचे मी पाहिलेले नाही. पुतण्या भाजी खात नाही आणि कशावरही कोथिंबीर दिसली की ताट पुढे सरकवतो. माझा नवरा समुद्रकाठी येऊन पनीर मागवणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहतो. जाऊबाई सगळे खातात, फक्त आधी दुसऱ्याच्या ताटातले चाखून पाहतात. राहिली आमची मुलगी. तिचा आहार भात, साधे वरण, तूप, दही, पोळी आणि मोहरी दिसणार नाही अशी बटाट्याची कोरडी भाजी, एवढ्यात संपतो. स्वतःला मी या यादीत धरले नव्हते. ते का चुकले, हे पुढे येईलच.

आमच्या घरात या आठ जणांपैकी ‘खाण्याचे नखरे’ हा शब्द फक्त एकीसाठी वापरला जातो. आजीचा तो नेम, आजोबांची ती सवय, काकांचे ते पथ्य, बाबांची ती आवड, आणि सहा वर्षांच्या मुलीचे तेवढे नखरे. ही वाटणी मला प्रवासाला निघण्यापूर्वी कधी खटकली नव्हती. घरात प्रत्येकाचे वेगळेपण स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातात मुरून जाते. सासूबाईंची भाजी फोडणीआधीच वेगळी निघते, मुलीचे वरण तिखट पडण्यापूर्वी काढून ठेवले जाते आणि टेबलावर सारे जण एकच जेवण जेवल्यासारखे दिसतात. बाहेर जेवायला बसले की हे सगळे एका अनोळखी माणसाला मोठ्याने सांगावे लागते, आणि तेव्हाच ते किती आहे हे कळते.

पहिला धक्का कोल्हापुरात बसला. गगनबावड्याच्या घाटाने उतरायचे असल्यामुळे दुपारचे जेवण तिथेच घ्यायचे ठरले होते, आणि कोल्हापुरात थांबायचे म्हणजे तांबडा-पांढरा रस्सा आलाच. मुलीचा स्वतःचा एक नियम आहे : लाल ते तिखट, पांढरे ते चालेल. दूध, दही, भात, इडली, या सगळ्या अनुभवातून तो तयार झालेला असल्यामुळे त्यात काही गैर नव्हते. तिने वाटीतला पांढरा रस्सा पाहिला, मी काही म्हणण्याआधी चमचाभर तोंडात घेतला आणि तिचे डोळे भरून आले. पांढऱ्या रश्श्याचा रंग नारळाच्या दुधाचा, खसखशीचा आणि काजूचा असतो, पण खाली मटणाचे सूप आणि मिरीचा झणका असतोच. वाढप्याने चटकन साखर आणून दिली, तो बिचारा कासावीस झाला होता. पण नुकसान होऊन गेले होते. त्या एका चमच्याने तिचा पांढऱ्या रंगावरचा विश्वास उडाला आणि पुढचे काही दिवस त्याची किंमत आम्ही मोजत राहिलो.

मालवणला रात्री पोचलो. खानावळीत सात पाने व्यवस्थित लागली. आठव्या पानासाठी मी फोनवर सांगून ठेवले होते, “एक साधा वरण-भात, बाकी काही नको.” वरण साधेच होते, वर घरचे तूपही होते, पण भात उकड्या तांदळाचा होता. उकडा तांदूळ म्हणजे भात कुटण्याआधी सालीसकट उकडून वाळवलेला. त्याचे दाणे जाड, मोकळे आणि किंचित लालसर राहतात व त्याला स्वतःचा एक वास असतो. ज्यांनी तो लहानपणापासून खाल्ला आहे त्यांना दुसरा भात मिळमिळीत वाटतो. आमच्या घरी मात्र इंद्रायणी शिजतो, मऊ आणि चिकट. मुलीने एक शीत बोटांत धरून पाहिले आणि शांतपणे जाहीर केले, “हा भात नाही.”

नवऱ्याचा संयम तिथे संपला. चारशे किलोमीटर आलो, माणसे एवढी आपुलकीने वाढतात, आणि हिला भातही चालत नाही! तो काही अगदी चूक नव्हता, पण मुलगीही खोटे बोलत नव्हती. तिच्या दृष्टीने तो खरोखरच भात नव्हता. दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान मुलांना नव्या अन्नाची भीती सर्वांत जास्त वाटते, हे बालआहाराचा अभ्यास करणाऱ्यांनी पुष्कळदा नोंदवले आहे. त्याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की मूल चालू-फिरू लागले, आईच्या नजरेआड जाऊ लागले की दिसेल ते तोंडात घालण्यापेक्षा संशय घेणारे मूल विषारी फळापासून वाचण्याची शक्यता अधिक. हा संशय मुख्यतः डोळ्यांनी चालतो. रंग, आकार, वर लागलेला एखादा ठिपका, यांवरून जीभ कामाला लागण्याआधीच निकाल लागलेला असतो. म्हणूनच ‘एकदा चाखून तर बघ’ हे वाक्य इतके निष्फळ ठरते. एखादा नवा पदार्थ आपलासा व्हायला तो आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो, आणि तोही जबरदस्ती न करता. चार दिवसांच्या सहलीत एवढ्या वेळा काय समोर येणार?

काकू हा सगळा तमाशा स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या. त्या बाहेर आल्या, मला किंवा नवऱ्याला काही न विचारता मुलीजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, “चेडवा, तुका काय व्हया?” मुलीला शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला. ती म्हणाली, “पांढरा भात. चिकट.” काकूंनी मान हलवली. सुरय तांदूळ, म्हणजे न उकडलेला, घरात होता. त्यांच्या स्वतःच्या नातवासाठी त्या तोच शिजवत. वीस मिनिटांनी जास्त पाणी घालून शिजवलेला गुरगुट्या भात आला. तो तिने खाल्ला, अर्थात आधी नीट तपासून.

त्या रात्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर काकूंशी झालेल्या पंधरा मिनिटांच्या गप्पांत मला जे कळले, ते इतक्या वर्षांच्या हॉटेलांतल्या अनुभवातून कळले नव्हते. आपण सगळीकडे सहजपणे सांगतो, “जरा कमी तिखट करा.” खानावळीत या वाक्याला जवळजवळ काही अर्थ नसतो. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण सकाळीच पाट्यावर किंवा मिक्सरवर निघते, त्यात मालवणी मसाला पडलेला असतो, आणि दिवसभराची आमटी, उसळ, सुके त्याच वाटणातून होते. वाटणातून तिखट काढता येत नाही. स्वयंपाकीण भिडेखातर “हो” म्हणते, वर थोडे नारळाचे दूध घालते, आणि पदार्थ येतो तो तिखटच. मागायचे ते वाटण पडण्याआधीचे. उदाहरणार्थ, सुरमईच्या तुकड्यांना आधी हळद, मीठ आणि आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, लावून ठेवतात. मसाला आणि रवा किंवा तांदळाचे पीठ त्यानंतर, तळताना लागते. तेव्हा “कमी तिखट सुरमई” मागण्याऐवजी “हळद-मीठ लावलेली एक तुकडी मसाला न लावता तळून द्या” असे सांगितले तर कोणालाही वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. कोंबडी-वड्यांतली कोंबडी सोडून नुसते वडे मागता येतात. घावने तव्यावरून सरळ ताटात येतात, त्यांत तिखटाचा संबंधच नसतो. काळ्या वाटाण्याच्या उसळीसाठी शिजवलेले वाटाणे मीठ घालून वेगळे काढता येतात, फक्त हे सकाळी सांगायला हवे. प्रश्न ‘किती तिखट’ हा नसून ‘कोणत्या पायरीला बाहेर काढायचे’ हा आहे.

सासूबाईंचे प्रकरण याहून अवघड निघाले. कांदा-लसणाशिवाय म्हटल्यावर सगळ्यांनी मोठ्या विश्वासाने त्यांच्यापुढे सोलकढी ठेवली. आगळ आणि नारळाचे दूध, त्यात काय असणार? त्यांनी पेला ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. सोलकढीत लसूण ठेचून घालतात, हे मासे खाणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या ध्यानातच नव्हते. मग त्यांच्यासाठी रोज लसूण वगळून फुटी कढी होऊ लागली. हिच्यात नारळाचे दूध नसते, आमसुलाचा आंबटपणा, मिरची आणि कोथिंबीर एवढेच. तिचा रंग सुंदर लाल असतो. योगायोग असा की नारळ बाधणाऱ्या दिरांनाही तीच चालली, आणि दोन दिवसांत ते सोलकढीवरही आले. बाधल्याची तक्रार ऐकू आली नाही.

कोथिंबिरीवरून आठवले. पुतण्याला सगळे जण इतकी वर्षे चिडवत आले आहेत की त्याला कोथिंबिरीला साबणाचा वास येतो. त्याला तो खरोखर येतो. कोथिंबिरीच्या पानांत अल्डिहाइड गटातली काही संयुगे असतात आणि तशीच संयुगे साबणातही आढळतात. ती किती ठळकपणे जाणवतात याचा संबंध वास ओळखणाऱ्या काही जनुकांशी असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसले होते. मी हे जेवणाच्या टेबलावर सांगितले तेव्हा तो पोरगा असा काही ताठ बसला, जणू त्याला निर्दोष सोडले होते. भाज्या न खाण्याला मात्र ही सबब चालणार नाही, हेही मी लगोलग सांगून टाकले.

तिसऱ्या दिवशी आम्ही तारकर्लीजवळच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये जेवलो, कारण नवऱ्याच्या मते मुलांना एकदा तरी ‘त्यांच्या आवडीचे’ मिळायला हवे होते. मेनूकार्डाची बारा पाने. चायनीज, पंजाबी, तंदूर, मालवणी, आणि शेवटी लहान मुलांसाठी एक रंगीत पान, ज्यावर फ्रेंच फ्राइज, नूडल्स, चीज पास्ता आणि नगेट्स होते. माझा असा अनुभव आहे की खाण्याबाबत काटेकोर असलेल्या माणसासाठी यापेक्षा वाईट जागा नाही. एवढ्या नावांतून निवडायचे म्हणजे प्रत्येक नाव एकेक शंका घेऊन येते, निवडीला वीस मिनिटे लागतात, पदार्थ यायला चाळीस मिनिटे लागतात, आणि तोवर भूक मरून चिडचिड उरलेली असते. त्यातून नावे बारा पानांची असली तरी ग्रेव्ह्या तीनच असतात. सासूबाईंना कांद्याशिवाय काय मिळेल असे विचारल्यावर वेटरने जरा विचार करून “सॅलड” असे सांगितले, आणि सॅलडच्या बशीत सर्वांत वर कांद्याच्या चकत्या होत्या. मुलीच्या नूडल्सवर हिरव्या पातीचे तुकडे शिंपडलेले होते. ते वेचून काढता काढता नूडल्स गार झाल्या. सासऱ्यांनी ताक मागितले, ते ‘नाही’ म्हणून कळले. त्या रात्री आठपैकी फक्त पुतण्या तृप्त होता.

थाळीचे तसे नाही. भात वेगळा, आमटी वेगळी, तळलेला तुकडा वेगळा, भाजी वेगळी, भाकरी वेगळी. काहीही एकमेकांत मिसळलेले नसते आणि मिसळायचे की नाही हे जेवणाऱ्याच्या हाती राहते. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंची एक विभागणी बालआहाराच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते : काय, कधी आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे. खानावळीतली थाळी हे काम आपोआप करते. काय वाढायचे ते काकूंनी ठरवलेलेच असते, त्यावर वाद नाही. किती खायचे ते ताटावर बसलेल्याचे. अडचण एवढीच की आपल्याकडे ‘पानात टाकू नये’ हा संस्कार फार खोल आहे. मीही तो मुलीवर करत आलेच आहे. बाहेर जेवताना त्यावर मी एक तडजोड काढली : तिचे ताट रिकामे येईल, सगळे पदार्थ माझ्या ताटात असतील आणि तिला हवे ते तिने मागून घ्यायचे. टाकायचा प्रश्नच उरत नाही, आणि नावडते तिच्या नजरेसमोर, पण सुरक्षित अंतरावर राहते.

त्या सुरक्षित अंतरावरूनच रस-शिरवाळे तिच्यापर्यंत पोचले. चौथ्या दिवशी सकाळी काकूंनी ते केले होते, सासऱ्यांच्या फर्माइशीवरून. तांदळाच्या उकडीच्या शेवया साच्यातून पाडायच्या आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. शेवया पांढऱ्या होत्या. कोल्हापूरपासून पांढऱ्यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून तिने आधी काकूंना साचा दाबताना पाहिले, मग एक शेवई रसाशिवाय उचलली, मग अर्धी खाल्ली, मग विचारले, “हे नूडल्स आहेत का?” काकू म्हणाल्या, “आमचे नूडल्स.” रसाला तिने हात लावला नाही. पण कोरडे शिरवाळे तिने तीन वेळा मागून घेतले आणि मी खूप प्रयत्नपूर्वक तिच्याकडे पाहिले नाही. कौतुकाने टाळ्या वाजल्या की ती खाणे थांबवते, हे मला घरी कळलेले होते. सासूबाईंना मात्र राहवले नाही. त्यांनी “शहाणी गं माझी बाय ती” म्हटले आणि चौथा घास ताटातच राहिला.

त्याच दुपारी तिने मला पकडले. नवऱ्याने तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, सुके मागवले होते आणि वाडगा माझ्यापुढून दरवेळी पुढे सरकत होता. मी तिसऱ्या खात नाही. शिंपल्यात काहीतरी मऊ, ओले आहे हा विचारच मला सहन होत नाही, आणि लग्नाला दहा वर्षे होऊनही माझ्या सासरी हे फारसे कोणाच्या लक्षात आलेले नाही, कारण मी ते गाजावाजा न करता टाळते. मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, “आई, तू ते का खात नाहीस? चाखून तर बघ.” माझेच वाक्य, माझ्याच सुरात. टेबलावर शांतता पसरली. नवरा खाली बघून हसत होता. मी एक शिंपला उचलला, त्यातला कण खोबऱ्याच्या चुऱ्यासकट तोंडात घातला, चावला आणि गिळला. मला तो आवडला नाही. तसे मी तिला सांगितलेही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “मग नको खाऊस.” एवढ्या उदारपणे मी तिला एकदाही सोडले नव्हते.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण हे वाचून कोणाच्या मनात खोटी निश्चिंती नको. मूल खाण्यात काटेकोर असणे वेगळे, आणि मोजक्या चार-पाच पदार्थांपलीकडे काहीच न खाल्ल्यामुळे त्याचे वजन घटणे, वाढ खुंटणे, पोत किंवा वासाने उलट्या होणे वेगळे. या दुसऱ्या प्रकाराला २०१३ पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत स्वतंत्र नाव मिळाले आहे. तिथे खानावळीतल्या युक्त्या कामाच्या नाहीत, बालरोगतज्ज्ञांनाच गाठावे. आमची मुलगी पहिल्या प्रकारातली आहे, हे आमच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितल्यावरच मी अशी निवांत लिहू शकते आहे.

परतीच्या दिवशी काकूंनी हिशेब केला तेव्हा आठव्या पानाचे पैसे अर्धेच लावले. मी पूर्ण घ्या म्हटले, तर म्हणाल्या, भात तर नातवाच्याच टोपातला होता. सासूबाईंनी त्यांच्याकडून आगळाची बाटली आणि शिरवाळ्यांचा लाकडी साचा कुठे मिळतो त्याचा पत्ता घेतला. बाजारातून तो साचा आम्ही घेऊनही आलो.

एकादशी झाली, सासूबाईंच्या ताटात कांदा परतला, आणि एका रविवारी मी शिरवाळे करायला घेतले. उकड नीट झाली नसावी, किंवा मी साचा दाबायला उशीर केला असेल. शेवया मध्येच तुटून बोटभर लांबीच्या पडल्या. तरी ताटात ढीग बरा दिसत होता. मुलगी जवळ आली, एक तुकडा बोटांत धरून उजेडात नीट पाहिला आणि परत ताटात ठेवला.

“हे ते नाहीत,” ती म्हणाली, आणि वरण-भात मागितला.